कुंभकोणमहून : एका वर्षाचे वाचन

वर्षअखेरीस वर्तमानपत्रांतून पुस्तकांच्या याद्या प्रसिद्ध होतात. त्या बहुधा त्या वर्षी निघालेल्या पुस्तकांच्या असतात आणि त्या करणारे बहुधा राजधान्यांत राहतात. पुढील यादी या दोन्ही अर्थांनी वेगळी आहे. निवृत्तीनंतर कुंभकोणमला वास्तव्य असल्याने गेल्या वर्षी मी एक नियम ठरवून पाळला : ज्या पुस्तकाचा या गावाशी किंवा भोवतालच्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाशी संबंध नाही, ते या वर्षी हाती घ्यायचे नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून काही वर्षे आणि शासकीय सेवेत त्याहून कितीतरी अधिक वर्षे काढल्यावर एक गोष्ट तपासून पाहायची होती. देशाचा कारभार समजून घेण्यासाठी देशव्यापी ग्रंथ वाचावे लागतात, अशी आपली समजूत असते. एखाद्या गावापुरती पुस्तके तेच काम करू शकतील का?

मराठी वाचकांना या गावाची ओळख थोडक्यात करून द्यावी लागेल, जरी ते त्यांना परके नाही. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधले हे मंदिरांचे गाव. दर बारा वर्षांनी येथे महामहम भरतो. एकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरची गादी मिळवल्यापासून १८५५ मध्ये ते राज्य खालसा होईपर्यंत हा मुलूख भोसल्यांच्या अमलाखाली होता. एक वर्षाआधी, १८५४ मध्ये, येथे सरकारी शाळा निघाली. तिचे पुढे महाविद्यालय झाले आणि लोक त्याला दक्षिणेचे केंब्रिज म्हणू लागले. राज्य गेले तेव्हा कारकून, मुन्सफ, दिवाण घडवणारी संस्था उभी राहिलेली होती. या वर्षीच्या वाचनात ही दोन्ही सूत्रे वारंवार भेटत राहिली.

पहिले पुस्तक आत्मचरित्र आहे : उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांचे ‘एन् चरित्तिरम्’, म्हणजे ‘माझे चरित्र’. १९४० पासून ते ‘आनंद विकटन’ साप्ताहिकात क्रमशः येत होते. १९४२ मध्ये लेखकाचे निधन झाले आणि ते अपुरे राहिले. कामिल झ्वेलेबिल यांचा इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे. अय्यर १८८० मध्ये कुंभकोणमच्या महाविद्यालयात तमिळचे शिक्षक झाले. त्याच वर्षी गावात सेलम रामस्वामी मुदलियार नावाचे मुन्सफ बदलून आले. नवे शिक्षक शिष्टाचार म्हणून त्यांच्या भेटीस गेले. काय काय शिकलात, असे मुन्सफांनी विचारले. अय्यरांनी गुरूंकडे शिकलेल्या पुराणांची, स्तोत्रप्रबंधांची लांबलचक यादी सांगितली. मुन्सफांवर तिचा काहीच परिणाम झाला नाही. ‘जीवकचिंतामणी’ वाचले आहे का, ‘मणिमेखलै’, ‘शिलप्पदिकारम्’ वाचले आहे का, असे ते विचारत गेले. अय्यरांनी यांतले काहीच अभ्यासलेले नव्हते.

त्या भेटीतून पुढे काय घडले हे तमिळ मुलांना शाळेतच शिकवतात. मुन्सफांनी ग्रंथाची प्रत मिळवून दिली. कट्टर शैव परंपरेत वाढलेले अय्यर जैन महाकाव्याचा अर्थ लावण्यासाठी गावातल्या जैनांच्या घरी जाऊन बसू लागले. १८८७ मध्ये ‘जीवकचिंतामणी’ छापून निघाले आणि त्यानंतरच्या दशकभरात ‘पत्तुप्पाट्टु’, ‘शिलप्पदिकारम्’, ‘पुरनानूरु’, ‘मणिमेखलै’. वाळवीच्या तोंडची ताडपत्रे एका समाजाची स्मृती होऊन परत आली. महाराष्ट्रात वि. का. राजवाडे यांनी दफ्तरांमागे केलेली पायपीट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पुस्तकात ओळखीचा माणूस भेटेल. मला मात्र त्यातले मुन्सफ अधिक काळ आठवत राहिले. दिवाणी दाव्यांच्या ढिगाऱ्यात बसलेल्या त्या अधिकाऱ्याच्या कामाचा हा भाग नव्हता आणि त्यासाठी कोणते अनुदानही मंजूर झालेले नव्हते. स्थानिक विद्वानाला योग्य प्रश्न विचारता येईल इतके त्यांचे स्वतःचे वाचन होते, एवढेच.

दुसरे पुस्तक महाराष्ट्राला थेट लागून आहे. राहुल सागर यांनी संपादित केलेले ‘द प्रोग्रेसिव्ह महाराजा’ २०२२ मध्ये आले. १८८१ मध्ये दिवाण सर टी. माधवराव यांनी तरुण सयाजीराव गायकवाडांना राज्यकारभारावर दिलेली व्याख्याने त्यात आहेत. माधवरावांचा जन्म १८२८ चा, कुंभकोणमचा. घरची भाषा मराठी. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी सांभाळले. मल्हाररावांना पदच्युत केल्यावर १८७५ मध्ये ते बडोद्यास आले, तेव्हा तिजोरी आणि प्रतिष्ठा दोन्हींची वाताहत झालेली होती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आणलेल्या मुलाच्या हाती ते राज्य सोपवायचे होते.

या व्याख्यानांत वक्तृत्व नाही. राजाचा खासगी खर्च आणि राज्याचा खजिना वेगळे ठेवावेत. कायदा राजालाही बांधतो. न्यायाधीशाच्या कामात हात घालू नये. अधिकारी विचारपूर्वक नेमावा आणि मग त्याला काम करू द्यावे. तोंडी लहरीने हुकूम सोडू नयेत. आज हे सारे पाठ्यपुस्तकी वाटते. परंतु ते ऐकणाऱ्या अठरा वर्षांच्या तरुणाला काही महिन्यांतच पूर्ण अधिकार मिळणार होते आणि त्याला अडवू शकेल अशी विधानसभा किंवा वर्तमानपत्र संस्थानात नव्हते. सत्तेला केवळ उपदेशाने किती आवर घालता येतो, याचा हा प्रयोग होता. सयाजीराव नुसते उपदेश ऐकणारे निघाले नाहीत : १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून गावोगाव ग्रंथालये काढली. माधवरावांची सावध, काटकसरी दृष्टी या शिष्याला पुढे अपुरी पडली असणार. चांगल्या दिवाणाची आणि चांगल्या शासकाची वाट कोठे वेगळी होते, हे पाहण्यासाठी पुस्तक वाचावे. त्याच्या जोडीला मनू पिल्लई यांचे ‘फॉल्स अलाइज’ घ्यावे. संस्थानिक म्हणजे ऐषआरामी बाहुली ही समजूत त्याने बरीच सैल होते.

तंजावरच्या राज्याविषयीचे पुस्तक सावित्री प्रीता नायर यांचे : ‘राजा सरफोजी द्वितीय’, २०१२ मधले. १७९९ च्या तहाने सरफोजींकडे किल्ला आणि त्याभोवतीचा थोडा भाग राहिला, कारभार कंपनीकडे गेला. महसूल नाही, फौज नाही, परराष्ट्रसंबंध नाहीत. अशा राजाने करायचे काय? सरफोजींनी ग्रंथ जमवले, शाळा काढल्या, नेत्ररुग्णांच्या उपचारांच्या सचित्र नोंदी ठेवल्या आणि नवविद्याकलानिधी नावाचा छापखाना घातला. इसापनीतीचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ त्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देवनागरीत निघाला. तेव्हा पुण्यात अजून पेशवाई होती. नायर यांचे म्हणणे असे की, हे युरोपचे अनुकरण नव्हते. सरफोजी ज्ञानाच्या देवघेवीत बरोबरीने उतरलेले होते. सर्व ठिकाणी हा युक्तिवाद मला पटला नाही. रयतेचा सारा कंपनी वसूल करीत असताना दरबारातल्या प्रबोधनाचा लाभ कोणाला झाला, हा प्रश्न पुस्तकात जरा लवकर मिटतो. तरी सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ पासून सार्वजनिक झाले आहे आणि तेथील मोडी कागद वाचू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. याची काळजी तमिळनाडूइतकीच महाराष्ट्रानेही करायला हवी. याच घराण्यातल्या शाहराजांनी लिहिलेले ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठीतले आद्य नाटक मानले जाते. विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’च्या सुमारे दीड शतक आधीचे ते आहे. मराठी रंगभूमीचा जन्म सांगलीला झाला असे म्हणणाऱ्यांनी ते एकदा नजरेखालून घालावे.

कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या छोट्या घरात वाढलेल्या रामानुजन यांच्यावरचे रॉबर्ट कॅनिगेल यांचे १९९१ चे चरित्र बहुतेकांनी ऐकलेले असेल. मी ते दुसऱ्यांदा वाचले आणि त्याच्याबरोबर शियाळी रामामृत रंगनाथन यांचे १९६७ मधले छोटेखानी पुस्तक प्रथमच वाचले. पहिल्या वेळी मला गणिताचे आश्चर्य वाटले होते. या वेळी लक्ष नियमांकडे गेले. येथील सरकारी महाविद्यालयाने शिष्यवृत्ती देऊन घेतलेला मुलगा इंग्रजीत नापास झाला, म्हणून शिष्यवृत्ती गेली. यात कोणी दुष्टपणा केला नव्हता, नियमाप्रमाणेच झाले. पुढे नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांनी स्वतःच्या खिशातून महिना २५ रुपये दिले. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांची कारकुनी मिळाली. १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने पदवी नसलेल्या या कारकुनाला ७५ रुपयांची संशोधनवृत्ती देण्याचा अपवाद केला.

अपवाद करणे ही प्रशासनातली सर्वांत धोक्याची कृती आहे. वशिला आणि गुणग्राहकता यांचे कागद बाहेरून सारखेच दिसतात. या प्रकरणात फरक कशाने पडला? निर्णय करणाऱ्यांना स्वतःला गणित कळत होते, किंवा कळणाऱ्याला विचारण्याची त्यांची तयारी होती. भारतीय गणित परिषद १९०७ मध्ये स्थापणारे व्ही. रामस्वामी अय्यर डेप्युटी कलेक्टर होते. त्या परिषदेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते आणि तेथून नियतकालिके सभासदांकडे टपालाने फिरत. मद्रास इलाख्यातला महसूल अधिकारी फावल्या वेळात भूमितीचे प्रश्न सोडवतो आणि त्याची पुस्तके पुण्याहून येतात, ही त्या काळातली सामान्य गोष्ट होती. रामानुजन यांना वाचवले ते त्या जाळ्याने.

आता कथात्म साहित्य. ति. जानकीरामन यांची ‘मोहमुळ्’, म्हणजे मोहाचा काटा, ही कादंबरी १९६४ मध्ये पुस्तकरूपाने आली. कुंभकोणममध्ये शिकणारा बाबू, त्याचे संगीतगुरू रंगण्णा आणि बाबूपेक्षा दहा वर्षांनी मोठी यमुना. यमुनेची आई तंजावरची मराठी, वडील तमिळ ब्राह्मण. दोन्ही समाजांच्या वंशावळीत तिला जागा नाही, म्हणून तिचे लग्न जुळत नाही. इतिहासग्रंथ ज्याला ‘मराठी सत्तेचा अस्त’ म्हणून एका परिच्छेदात संपवतात, त्याचे शंभर वर्षांनंतरचे रूप येथे एका स्त्रीच्या स्वयंपाकघरात दिसते : घर आहे, घराण्याचे नाव आहे, महिन्याचे धान्य नाही. कादंबरीत महाराष्ट्रातून आलेल्या गायकांच्या आवाजाने बाबू हलून जातो. त्याला मिळालेल्या कर्नाटक संगीताच्या शिक्षणात आवाजाच्या साधनेकडे दुर्लक्ष झाले, असे त्याला वाटू लागते. मराठी वाचक हा भाग किंचित अभिमानाने वाचेल. त्याने यमुनेचा भागही तितक्याच लक्षपूर्वक वाचावा. या कादंबरीवरचा १९९५ चा चित्रपट ज्ञान राजशेखरन यांनी दिग्दर्शित केला. तेही भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी होते, हे येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. जानकीरामन यांनी ‘चिट्टी’ यांच्यासह कावेरीच्या काठाने केलेल्या प्रवासाचे ‘नडन्दाय् वाळि कावेरी’ हे पुस्तकही जोडीने वाचावे. नदीच्या पाण्याचा तंटा आपण टीएमसीच्या आकड्यांत वाचतो. ती नदी काठावरच्या माणसांची कोण लागते, हे त्या पुस्तकातून समजते.

जानकीरामन काही काळ शाळाशिक्षक होते. त्यांचा कुंभकोणमचा एक विद्यार्थी पुढे इंदिरा पार्थसारथी या नावाने लिहू लागला. त्यांच्या ‘कुरुदिप्पुनल्’, म्हणजे रक्ताचा पूर, या कादंबरीस १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यामागे कीळवेण्मणी आहे. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात नागपट्टिणमजवळ, मजुरीवाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांची ४४ माणसे एका झोपडीत जाळून मारण्यात आली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. सत्र न्यायालयाने जमीनदारांना दोषी ठरवले. १९७३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते सुटले. एवढ्या श्रीमंत, प्रतिष्ठित मंडळींनी स्वतः चालत जाऊन असे कृत्य केले असेल, हे न्यायालयाला संभवनीय वाटले नाही.

कादंबरीवर डाव्या समीक्षकांनी टीका केली, कारण तिने जमीनदाराच्या क्रौर्याचे मूळ त्याच्या वैयक्तिक न्यूनगंडात शोधले. टीकेत तथ्य आहे. म्हणून तिच्या शेजारी कॅथलीन गॉ यांचे ‘रूरल सोसायटी इन साउथईस्ट इंडिया’ ठेवावे. १९५१ ते १९५३ या काळात त्या या जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत राहिल्या; कोणाकडे किती जमीन, कोणाला किती मापे भात मजुरी, कोणत्या रस्त्यावरून कोणी चालायचे, याच्या त्यांच्या नोंदी कंटाळा येण्याइतक्या तपशीलवार आहेत. त्या नोंदी वाचल्यावर १९६८ हा अपघात वाटत नाही. कादंबरी आग दाखवते. गॉ यांच्या तक्त्यांत त्याआधीची पंधरा वर्षे साठत गेलेले सरपण दिसते. शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा तमिळनाडूने १९६९ मध्ये केला. त्यापूर्वी तो करायला काय लागले असते, हा प्रश्न महसूल खात्यात काम केलेल्या कोणालाही अस्वस्थ करील.

शेवटची शिफारस पुस्तकाची नाही, निकालपत्राची आहे. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणममधल्या एका खासगी शाळेत ९४ लहान मुले जळून मेली. माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली, ती गवती छपरापर्यंत गेली, वरच्या मजल्यावरून उतरायला एकच अरुंद जिना होता. एका इमारतीत एकाहून अधिक शाळा भरत होत्या. शाळेला मान्यता होती. म्हणजे कोणीतरी पाहणी केल्याची नोंद कोठल्यातरी कागदावर होती. २०१४ मध्ये तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवले. मात्र मी ज्या निकालाविषयी बोलतो आहे तो सर्वोच्च न्यायालयाचा आहे : अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार, १३ एप्रिल २००९. शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे इमारत सुरक्षित असल्याची खात्री झाल्याशिवाय मान्यता देऊ नये, सहा महिन्यांत अग्निशामक साधने बसवावीत, शिक्षकांना ती वापरण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे आदेश दिले.

निकालाची भाषा साधी आहे आणि एका बैठकीत वाचून होतो. तो वाचताना लक्षात येते की, त्यातला जवळपास प्रत्येक आदेश आधीच कोणत्या ना कोणत्या नियमात होता. कुंभकोणमला नियमांची उणीव नव्हती. जो अधिकारी कागदावर सही करतो त्याने जिना चढून वर जाऊन पाहायचे असते, एवढे नियमावलीत लिहिता येत नाही. मुन्सफ मुदलियार यांच्या प्रश्नाचे आणि रामचंद्र राव यांच्या २५ रुपयांचे जे मोल आहे, त्याची दुसरी बाजू मला या निकालात दिसली. रामानुजन यांच्या बाबतीत नियम पाळून नुकसान झाले. येथे नियम पाळल्याचे दाखवून झाले. दोन्हीकडे उपाय एकच होता : समोरच्या माणसाकडे पाहणे.

ही पुस्तके मिळवायची कोठे, हा व्यावहारिक प्रश्न उरतो. त्यातली काही महाग आहेत, काही दुकानांत नाहीत. वर ज्यांचा उल्लेख आला ते रंगनाथन याच तंजावर जिल्ह्यातले. गणिताचे अध्यापक असताना १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक ठरले. त्यांच्या प्रयत्नांतून १९४८ चा मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवण्याची तरतूद आहे. वसूल झालेला उपकर ग्रंथालयांपर्यंत वेळेवर पोचतोच असे नाही, तरी तो मागण्याचा कायदेशीर आधार येथील ग्रंथालयांना आहे. कोल्हापूर संस्थानाने त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, असा कायदा केला होता. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात मात्र उपकराची तरतूद नाही. ग्रंथालये शासकीय अनुदानावर चालतात. ज्या राज्याच्या वाट्याला कोल्हापूरचा कायदा आणि बडोद्याच्या ग्रंथालयांचे उदाहरण आले, त्याने या प्रश्नाकडे पुन्हा पाहायला हरकत नसावी.

आणखी एक सूचना सेवेतल्या तरुण सहकाऱ्यांसाठी आहे. नव्या जिल्ह्याचा पदभार घेताना गॅझेटियर आणि जनगणनेची पुस्तिका मिळते. त्यांच्याबरोबर त्या जिल्ह्यातली एक कादंबरी, एक आत्मचरित्र आणि तेथे घडलेल्या एखाद्या दुर्घटनेचा चौकशी अहवाल मागून घ्यावा. तीन्ही वाचायला एक पंधरवडा पुरेल.

यादीतले एकच काही वाचण्याइतका वेळ ज्यांना असेल, त्यांनी २००९ चा निकाल वाचावा. तो विनामूल्य मिळतो. वाचून झाल्यावर आपले मूल किंवा नातवंड ज्या शाळेत जाते, तेथे एकदा जाऊन दुसरा जिना कोठे आहे ते विचारावे.